कागद बघितलेस का, बाय?

मावशी,

तू गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही गिऱ्हाइकाकडून. तलासरीकडचा एक माणूस डहाणूला माझ्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढायला आला होता. स्टुलावर बसता बसता म्हणाला, "तुम्ही आमच्या पाड्यावर जिच्याकडं यायच्या ना, अंगणवाडीतली जमना, ती गेली परवा. महालक्ष्मीच्या जत्रेतनं आली, ताप भरला, गेली." मी म्हणाले, "हनुवटी जरा खाली घ्या." फोटो काढला, आठ प्रती कापल्या, पाकिटात घालून दिल्या. मग शटर अर्धं ओढलं आणि आत जाऊन बसले.

रडू आलं असं लिहायला बरं वाटलं असतं. पण खरं सांगू? पहिल्यांदा मनात आलं ते हे, की चला, आता सांगायला नको. सुटले. तू गेल्याचं कळून पाच मिनिटं झाली नव्हती आणि मी मेली सुटकेचा श्वास टाकत होते. रडू त्यानंतर आलं, आणि ते तुझ्यासाठी कितपत होतं मला माहीत नाही.

काय सांगायचं होतं ते तुला ठाऊक होतं, हे मला आजच कळलं. म्हणून हे लिहायला बसले. तू वाचणार नाहीस. हयात होतीस तेव्हाही माझं गिचमिड अक्षर तुला वाचता आलं नसतं. तरी बसले.

२०१४ च्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा तुमच्या पाड्यावर आले ती सरांच्या कामासाठी. सर म्हणजे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे. त्यांना या दोन तालुक्यांतल्या रानातल्या ऑर्किडांचे फोटो हवे होते. मी लग्नं, मुंजी आणि पासपोर्ट काढणारी बाई. ऑर्किड म्हणजे रिसेप्शनच्या स्टेजवर खोचतात ती जांभळी फुलं, एवढंच मला ठाऊक. आमच्याकडच्या चिकूवाड्यांत तर झाडावर काहीही उगवलं की बांडगूळ म्हणतात आणि कोयत्याने उडवतात. सर म्हणाले, सीतेची वेणी शोधा. मी चार गावं पालथी घातली. वेण्या दिसायच्या, पण वीस-वीस हात उंच. मग कोणीतरी तुझ्या अंगणवाडीमागचं जांभूळ दाखवलं. त्याची एक फांदी छातीइतकी खाली आलेली, आणि तिच्यावर हातभर लांबीच्या सहा वेण्या लोंबत होत्या. पांढऱ्या फुलांवर गुलाबी शिंतोडे, आणि मधली जीभ गडद गुलाबी.

मी स्कूटर लावली आणि थेट झाडाकडे निघाले. तू मागून ओरडलीस, "ओ बाय! हात नाय लावायचा!"

वळून बघते तर तू दारात उभी. एका हातात डाव, दुसऱ्या हाताने एका पोरीचा शेंबूड पुसत होतीस. जवळ येऊन तू मला नीट निरखलंस. म्हणालीस, "तोंडाला चुना लावला का काय?"

मी फणकारले. माझ्या गालांवर वांग आहे, वापीच्या डॉक्टरनी उन्हाचं क्रीम दिलंय, दर तीन तासांनी तोंडाला, मानेला, हातांना लावावं लागतं, असं सगळं ऐकवलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "वास बरा हाय. नारळाच्या वडीसारखा." मग माझ्या मनगटाकडे बोट दाखवलंस. "आन् हे बाप्याचं घड्याळ?" घड्याळ माझ्या वडिलांचं होतं. मोठं, चौकोनी, पट्टा सैल. त्यांच्या मागे स्टुडिओ आला आणि घड्याळही आलं. तुला ते फार आवडायचं, कारण लांबूनच वेळ दिसायची.

नियम तू त्याच दिवशी सांगितलास. त्या झाडाची पहिली वेणी गावदेवाला जाते. ती वाहीपर्यंत फुलाला कोणाचा हात लागायचा नाही. पोरांचा नाही, सुनेचा नाही, कोणाचाच नाही. आणि ती वेणी काढायचा मान तुझ्या हाताचा. तुझ्या सासूनंतर तुझ्याकडे आलेला. "म्हणून हात चोख ठेवायला लागतात," तू म्हणालीस, आणि दोन्ही पंजे माझ्यासमोर धरलेस. मी हसले. मला ते पोरकट वाटलं होतं.

तुझे हात. अंगणवाडीतली मदतनीस म्हणून वीसेक वर्षं तू रोज खिचडीच्या आधी रांग लावायचीस. "हात दाखवा!" ओरडलीस की चिल्लीपिल्ली पंजे पुढे करायची, आणि तू एकेकाची नखं बघत जायचीस. ज्याचे मळलेले त्याला कान धरून नळावर. एकदा मीच रांगेच्या टोकाला गंमत म्हणून उभी राहिले, तर तू माझेही उलटेसुलटे करून बघितलेस आणि म्हणालीस, "जा, धुऊन ये. वडीचा वास येतो." पोरं खिदळली. मी धुऊन आले आणि पुन्हा क्रीम चोपडलं.

पुढच्या वर्षी सरांच्या डोक्यात नवं खूळ आलं. मधमाश्यांना म्हणे आपल्याला न दिसणारा उजेड दिसतो. त्याला अतिनील म्हणतात. त्या उजेडात फुलांवर वेगळ्याच खुणा उमटतात, माशीला इथे ये, इथे बस म्हणून सांगणाऱ्या. त्याचे फोटो काढता येतात का बघा. मी मुंबईहून एका कारागिराकडून जुन्या कॅमेऱ्याच्या पोटातली काच काढून आणली. नव्या लेन्स तो उजेड अडवतात. पण वडिलांच्या डार्करूममध्ये फोटो मोठे करायच्या यंत्राची एक जुनी लेन्स धूळ खात पडली होती, तिच्यातून तो पार जात होता. केवढा आनंद झाला होता मला! जिला भंगारात घालायला निघाले होते तीच कामी आली. पुढे काळी काच लावायची. इतकी काळी, की आपल्याला आरपार काही दिसत नाही. म्हणून आधी फूल नीट टिपून घ्यायचं, मग काच चढवायची, मग सात-आठ सेकंद श्वास रोखायचा. तेवढ्यात वारा आला की सगळं मुसळ केरात.

तुला हे सगळं समजावलं तर तू म्हणालीस, "म्हणजे माशीच्या डोळ्यानं फोटू?"

"तसंच काहीतरी."

"मग माशीला विचारलं का?"

मी म्हटलं, माशी बोलते होय? तू म्हणालीस, बोलत नाय पण बसते. कुठं बसते ते बघितलं की झालं. आणि दुसऱ्या दिवसापासून तू बघायला लागलीस. पोरांची वजनं लिहायचे जुने तक्ते तुझ्याकडे गठ्ठ्याने पडले होते, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर टिपायचीस. एका दिवसाला एक कागद. डावीकडे चित्रं, उजवीकडे रेघा. जो फुलावर येईल त्याचं चित्र काढायचं, आणि जितक्यांदा येईल तितक्या रेघा. तुझ्या भाषेत एक पिवळ्या ढुंगणाची होती, एक गुणगुणी, एक मुंगळा, एक चोचवाला म्हणजे शिंजीर. सरांनी लॅटिन नावं विचारली तर तू त्यांनाच विचारलंस, "तुमी बघितली का कधी, का नावंच पाठ हायेत?" सर नंतर माझ्या स्कूटरवर मागे बसून सगळा रस्ता हसत होते.

गप्प बसायला मला तू शिकवलंस, मावशी. मी तोंडाळ, पाच मिनिटं एका जागी ठरत नाही. त्या झाडाखाली तुझ्या शेजारी, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खात, नुसतं एका फुलाकडे बघत मी दीड-दीड तास बसलेय. घरी कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल. माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते ते, आणि ते तू दिलेस. हे जिवंतपणी तुला एकदा तरी म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी तुझ्यासाठी स्टुडिओच्या जाहिरातीचं कॅलेंडर आणायचे.

आता त्या दिवसाबद्दल.

काळ्या काचेचा पहिलाच दिवस, आणि तुझ्या कागदांचाही. ऊन झणझणीत होतं, पण वारा काही थांबत नव्हता. नऊ फोटो वाया गेले. वेणीचं तोंडही नेमकं भलतीकडे वळलेलं. बारा वाजले, तू खिचडी वाढायला आत गेलीस. तुझं "हात दाखवा" ऐकू आलं. मी इकडेतिकडे बघितलं. तुझी पाठ होती. डाव्या हाताने मी वेणी धरली, अंगठा वर, बोटं खाली, आणि हलक्या हाताने उजेडाकडे फिरवून तशीच धरून ठेवली. वारा पडल्यावर सोडली, आणि दोन फोटो झकास आले. पहिली वेणी अजून देवाला गेलेली नव्हती. नियम मला ठाऊक होता.

मी विसरून गेले होते, असं म्हणायला मला फार आवडेल.

फोटो बघून सर खुर्चीतून उठलेच. राखाडी फुलांवर, ओळीने चार फुलांच्या एकाच पाकळीवर, लांबट काळा डाग होता. साध्या फोटोत त्याचा मागमूस नाही. सर म्हणाले, ही माशीची वाट आहे, असं कुठे वाचलेलं नाही, बाई, तुम्ही काय टिपलंय तुम्हाला माहीत नाही! मला खरंच माहीत नव्हतं.

मोसम संपल्यावर तू कागदांचा गठ्ठा मला दिलास, जुन्या लुगड्याच्या किनारीने बांधून. "सगळं लिवलंय. आधी पयल्या दिवसाचा बघ," तू म्हणालीस. मी गठ्ठा स्टुडिओत आणला आणि निगेटिव्हच्या खणात टाकला. पंधरा दिवसांनी तू विचारलंस, "कागद बघितलेस का, बाय?" मी म्हणाले, "हो गं, बघितले की. मस्त आहेत." तू माझ्याकडे जरा वेळ बघत राहिलीस. मग म्हणालीस, "बरं." मला वाटलं, कौतुक कमी पडलं.

मग कॉलेजच्या हॉलमधलं प्रदर्शन. माझा फोटो भिंतभर मोठा. मला शाल, श्रीफळ, टाळ्या. तू नवं लुगडं नेसून तिसऱ्या रांगेत बसली होतीस. सर छडी घेऊन तो डाग दाखवत होते, कीटक इथे उतरतो म्हणून, आणि तू बसल्या जागेवरून म्हणालीस, "त्या डागावर कोणच बसत नाय. मी बघितलंय. कागदात हाय की." सगळा हॉल वळला. आणि मी, शाल खांद्यावर घेतलेली मी, स्टेजवरून म्हणाले, "मावशी, गप बस गं. तुला त्यातलं काय कळतं?" लोक हसले. तूही पदर तोंडाला लावून हसलीस. परत जाताना नारळ मी तुलाच दिला होता. त्याने काय भरून निघणार होतं!

तो वाद आपला संपला नाही. तू म्हणायचीस, बसत नाय. मी म्हणायचे, शास्त्र आहे ते. तू बरोबर होतीस.

पुढच्या मोसमात, २०१६ला, वेण्या पुन्हा फुलल्या आणि डाग नव्हता. एकाही फुलावर नाही. सर दोन दिवस स्वतः येऊन बसले, मी चाळीस फोटो काढले. स्वच्छ फुलं. सर झाडाखाली उभे राहून म्हणाले, "मग गेल्या वर्षीचं ते काय होतं? कोणाचा हात लागला होता का?" तू होतीस, तुझी सून सुनंदा होती, गावदेवाचं सगळं बघणारे लाडक्याबाबा बांधावर विडी ओढत बसले होते, आणखी चार बायका होत्या. आणि मी पटकन म्हणाले, "मावशीचा लागला असेल. तिच्या हाताला मोहाचं तेल असतं ना."

उचलली जीभ लावली टाळ्याला. लोक मला नेहमी म्हणतात, तुझी जीभ तुझ्या आधी धावते. पण तेवढ्यावर भागवू नको, मावशी. त्या क्षणी मला माझा हात आठवला होता का? आठवला होता. अंगठा वर, बोटं खाली, अगदी स्पष्ट. म्हणूनच तर तुझं नाव इतक्या लगेच तोंडात आलं. क्रीमचं मला तेव्हा सुचलं नव्हतं, एवढंच काय ते माझ्या बाजूने. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

लाडक्याबाबांनी विडी खाली ठेवली. "जमने, हात लावलास? देवाच्या आधी?"

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने बघितलं असतंस तर बरं झालं असतं. तू नुसती वाट बघितल्यासारखं बघितलंस. मी ट्रायपॉडचे पाय मिटायला लागले. मग तू म्हणालीस, "असंल बाबा. माझाच लागला असंल."

आणि मी मनात काय म्हणाले सांगू? बघा, तीच कबूल करते. परतताना विवळवेढ्याच्या फाट्यावर उसाचा रस प्यायले. छान वाटत होतं.

त्यानंतर सरांनी त्या फोटोखाली 'हाताळणीमुळे पडलेला डाग' असं लिहिलं आणि विषय मिटला. म्हणजे आमच्याकडे मिटला. २०१७ला मी पहिल्या वेणीच्या दिवशी कॅमेरा घेऊन आले, तर वेणी काढायला तुझी चुलतजाऊ पुढे झाली. तू मागे बायकांत उभी होतीस. मी सुनंदाला विचारलं, आज मावशी का नाही? ती म्हणाली, "मान काढला ना आईचा. त्या दिवसापासनं." मी फोटो काढत राहिले. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात सगळ्यांचे हात जोडलेले आहेत, तुझे तेवढे पदराखाली आहेत. दुसऱ्या दिवशी तू पोरांची रांग लावलीस, पण "हात दाखवा" म्हणाली नाहीस. "चला, धुवा," एवढंच.

त्याच दिवशी बोलता आलं असतं. बोलले नाही. क्रीमचं अजून कुठे माहीत होतं, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. पण हात लावल्याचं तर माहीत होतं!

मग २०१८. वाणगावच्या एका शाळेत मास्तरांनी बोलावलं, मुलांना तुमचा तो माशीचा कॅमेरा दाखवा म्हणून. अंगणात उन्हात मुलं बसवली, मी मध्ये बसले, हातात जेवणाची स्टीलची ताटली धरली, आणि मास्तरांनी बटण दाबलं. स्क्रीनवर बघून पोरं किंचाळली. त्यांचे चेहरे राखाडी, आणि माझं तोंड डांबर फासल्यासारखं काळं कुळकुळीत. हात कोपरापर्यंत काळे. मीही हसले, क्रीम आहे रे ते, उन्हाचा तो उजेड अडवतं, म्हणून काळं दिसतं. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "बाई, ताटलीवर पण तुमचा डाग आहे." पुढच्या फोटोत ताटली मुलांकडे होती, आणि तिच्या काठावर, जिथे माझा अंगठा होता तिथे, लांबट काळा डाग होता.

तो डाग मी भिंतभर मोठा करून लावला होता. मला ओळखायला वेळ लागला नाही.

त्यानंतर तू वर्षभर होतीस, मावशी. मी पाच वेळा आले. एकदा चिकूची करंडी घेऊन, एकदा साडी घेऊन, एकदा सुनंदाच्या पोरीचा वाढदिवसाचा फोटो फुकट काढून द्यायला. दर वेळी वाटेत वाक्य पाठ करायचे. "मावशी, तो हात माझा होता." पाच शब्द. स्कूटर लावली की तू म्हणायचीस, "आली का वडी?" आणि मी हसायचे, आणि ते राहून जायचं. पुढच्या वेळी. मोसमात. सगळे असतील तेव्हा. बघ किती कारणं सापडतात. साडीची घडी मोडताना तू म्हणालीस, "कशापायी गं एवढं?" मी म्हणाले, "सहज."

शेवटचं भेटलो ते या संक्रांतीच्या आसपास. निघताना तू स्कूटरच्या आरशावरची धूळ पदराने पुसलीस आणि म्हणालीस, "माझे कागद ठेवलेस ना जपून?" मी म्हणाले, "म्हणजे काय! आहेत की." ते तरी खरं होतं.

तुझ्या दिवसकार्याला मी आले. क्रीम न लावता, हात धुऊन. हे तुला सांगायला मूर्खपणा वाटतो, पण तसंच आले. जेवणं व्हायच्या आधी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. पहिल्या वेणीच्या आधी फुलाला हात माझा लागला होता, जमनामावशीचा नव्हता, मी तिचं खोटंच नाव घेतलं. मेलेल्या माणसाच्या पाठीमागे कबुली द्यायला काय लागतं म्हणा. ज्याला सोसायचं त्याने सोसून झालेलं असतं.

कोणी ओरडलं नाही. ओरडायला हवं होतं. लाडक्याबाबा म्हणाले, "देवाला ठावं असंल. आमालाच नव्हतं." थोड्या वेळाने सुनंदाला म्हणाले, "औंदा वेणी तू काढ. सासूचा मान हाय." आणि पत्रावळी मांडा म्हणाले.

सुनंदा मला पाणी द्यायला आली. मी म्हटलं, तू तरी शिव्या दे मला. ती शांतपणे म्हणाली, "आईला ठावं होतं. खिडकीतनं बघितलं होतं तिनं."

"मग बोलली का नाही?"

"बाहेरच्या माणसाचा हात लागला कळलं असतं, तर झाड बंद केलं असतं तुम्हाला. बायचं काम अर्धं राहील म्हणायची." मग तांब्या उचलता उचलता म्हणाली, "आन् म्हणायची, बायला मी कागदावर दावलंय. तिनं बघितलाय. सांगंल ती कधीतरी, सगळ्यांसमोर."

मी जेवले नाही. तलासरीहून डहाणूपर्यंत कशी आले आठवत नाही. शटर उघडलं, निगेटिव्हचा खण ओढला. गठ्ठा तिथेच होता. लुगड्याच्या किनारीची गाठ तू मारली होतीस तशीच. चार वर्षांत मी ती सोडलीसुद्धा नव्हती. नखांनी सुटेना, इतकी घट्ट.

पहिल्या दिवसाचा कागद सगळ्यात वर होता. डावीकडे तुझी चित्रं. पिवळ्या ढुंगणाची, तिच्यापुढे अकरा रेघा. गुणगुणी, चार. मुंगळा, सात. चोचवाला, दोन. आणि सगळ्यात खाली, पेन्सिलीला थुंकी लावून काढल्यासारखा ठळक, एक हात. अंगठा वर, बोटं खाली. मनगटावर मोठं चौकोनी घड्याळ, त्यात काटेसुद्धा काढलेत तू, दोन्ही बारावर. त्याच्यापुढे एक रेघ.

तू विचारलं होतंस, आणि मी हो म्हणाले होते. म्हणजे त्या दिवशी झाडाखाली, लाडक्याबाबांसमोर, तू माझ्याकडे बघितलंस ते हे धरून, की मला माझा हात तू दाखवलेला आहे, मी तो बघितलाय, आणि तरी मी तुझं नाव घेतेय. पुढची तीन वर्षं तू मला भाकरी वाढलीस ती हेच धरून.

मावशी, मी खोटं बोलले होते. कागद मी आज बघितला.